गड्याची हजेरी

कुंडलच्या मनुबाईला गावात कुणी केरबाची बायको म्हणत नाही. केरबालाच मनुबाईचा नवरा म्हणतात. केरबाला हे पसंत नाही, पण लग्नाला बत्तीस वर्षं होत आली तरी त्याला त्यावर इलाज सापडलेला नाही. बाई उंचीने बेताची, अंगाने काटक आणि कमरेला कायम बारीक टोकाची कात्री खोचलेली. देवळात जातानाही कात्री कमरेलाच. गुरवाने एकदा म्हणून पाहिलं, "मनुबाई, देवापुढं तरी ते हत्यार नको." तर ती म्हणाली, "पोलीस काय पट्टा घरी ठेवून देवाला येतो व्हय?"

ही कात्री द्राक्षांच्या विरळणीची. घडाला दीडशे-पावणेदोनशे मणी धरतात. ते सगळे ठेवले तर एकही धड पोसत नाही, म्हणून मणी ज्वारीएवढे असतानाच निम्मे कापून टाकायचे. कुठला ठेवायचा आणि कुठला काढायचा, ते बघता बघता ठरवायचं. कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागलं की तो पुढे कुजतो आणि अख्ख्या घडाला घेऊन जातो. दिवसभर मान वर, हात वर. मनुबाई हे पंचवीस वर्षं करते आहे आणि तिच्या टोळीत बारा बायका आहेत. सुभेदारांच्या सहा एकर बागेचा माल दर वर्षी परदेशी जातो, तो या बारा जणींच्या माना वर असतात म्हणून जातो.

सुभेदार म्हणजे उदयसिंह. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढून आले आणि बागही फौजेसारखीच चालवायला लागले. वेलांच्या ओळी इतक्या सरळ, की वेलांनाही वाकायची चोरी. मनाने माणूस वाईट नाही. पण बागेत दिवसाच्या मजुरीच्या दोन हजेऱ्या चालत, तशा त्या शिवारात सगळ्यांच्याच चालत: गड्याची साडेचारशे आणि बायकांची तीनशे.

केरबा याच बागेत औषध फवारायचा. म्हणजे एकाच घरात दोन्ही हजेऱ्या यायच्या. शनिवारी संध्याकाळी पगाराची दोन पाकिटं घरी आली की केरबा ती फळीवर ठेवायचा. बायकोचं खाली, आपलं वर. त्यावर आणखी चुन्याची डबी, वारा येऊन क्रम बदलू नये म्हणून.

"घरात एक हजेरी मोठी आन् एक बारकी असली की भांडण होत न्हाई," असं त्याचं म्हणणं.

"भांडण हुतंयच की," मनुबाई म्हणायची.

"ते तुझ्यामुळं. हजेरीमुळं न्हाई."

गेल्या दिवाळीनंतर मात्र गोष्ट घरापुरती राहिली नाही. टोळीतली सुलाबाई पन्नाशीची, तोंडाने तिखट. पलूसकडच्या एका बागायतदाराने तिला साडेतीनशेचा शब्द दिला. तिने भर बागेत मनुबाईला विचारलं, "तुझ्या नादानं किती दिस तीनशेवर राहायचं आमी? तिकडं जातो समद्या."

मनुबाईने कात्री न थांबवता सांगितलं, "संक्रांतीपतुर थांबा. गड्याची हजेरी आणती. न्हाई आणली तर ही कात्री तुझ्या हातात देती आन् तुझ्या मागनं मी बी पलूसला येती."

कात्री देणं म्हणजे टोळी देणं. आणि शब्द काय, मणी काय, एकदा सुटला की परत लागत नाही.

ती सुभेदारांकडे गेली. सुभेदारांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि कारण दिलं. "मनुबाई, माझं ऐका. गडी आठला येतात. तुमी साडेनऊला. टायमिंगमध्येच फरक हाय. मग हजेरी सारखी कशी?"

"आमी पाच वाजता उठून भाकऱ्या थापतो, आबा. तुमच्या गड्यांच्या बी त्यात असतात."

"ते झालं घरचं काम. त्याचं मस्टर माझ्याकडं न्हाई."

चहा चांगला होता. मनुबाई तो पिऊन परत आली.

संक्रांतीला महिना राहिला असताना सुभेदारांना परदेशातल्या खरेदीदाराकडून पत्र आलं. पूर्वी ते लोक मण्याची जाडी आणि औषधाचा अंश तपासायचे. आता त्यांना आणखी एक गोष्ट तपासायची होती: बागेत सारख्या मोलाच्या कामाला बाईला आणि पुरुषाला सारखी मजुरी मिळते की नाही. त्यासाठी साताऱ्याहून तपासनीस येणार होती. तिचा दाखला मिळाला तर माल जाणार.

सुभेदारांनी पत्र तीनदा वाचलं. "सारख्या मोलाच्या" या दोन शब्दांवर बोट ठेवलं आणि निश्चिंत झाले. विरळणी वेगळी, फवारणी वेगळी. कामच वेगळं म्हटल्यावर प्रश्न कसला? राहता राहिली शिस्त. तपासणीच्या दिवशी सकाळी आठला त्यांनी सगळ्यांना शेडपुढे रांगेत उभं केलं.

"नीट ऐका. बाहेरचं माणूस येतंय. रडगाणं चालणार न्हाई. काम कसं हाय विचारलं तर सोपं हाय म्हणायचं. तरास हाय का, तर न्हाई म्हणायचं. समजलं?"

"समजलं," रांग म्हणाली.

रांगेत सगळे गडीच होते. आठ वाजता बायका बागेत येतच नसत, हे मजुरीचा विषय निघाला की तोंडपाठ असलेलं सत्य सुभेदार नेमके त्या सकाळी विसरले. साडेनऊला बायका आल्या त्या थेट वेलाखाली गेल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

तपासनीस दहाला आली. नूरीन नावाची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी, साताऱ्यात वाढलेली, पायात बूट आणि हातात जाड कागदांची चळत. तिने सुभेदारांना पद्धत समजावली. काम वेगळं आहे का, हे ती बघणार नव्हती. प्रत्येक कामाला गुण द्यायचे होते: शिकायला किती वेळ लागतो, चुकलं तर नुकसान किती, अंगाला कष्ट किती, धोका किती. चारशेपैकी गुण. गुण सारखे तर मोल सारखं.

सुभेदारांच्या मनात इथेच पाल चुकचुकली. पण गडी लोकांची मुलाखत सुरूही झाली होती.

"काका, फवारणी शिकायला किती दिवस लागले?" नूरीनने केरबाला विचारलं.

केरबाने मिशीवरून हात फिरवला. एक तर आबांचा हुकूम, त्यात विचारणारी पोरगी. "ह्यात शिकायचं काय, ताई? पाईप धरायचा, मारत सुटायचं. ल्हान पोर बी करंल."

"आणि चुकलं तर?"

"चुकतंय कशाला? आन् चुकलं तर फिरून मारायचं."

"औषधाचा त्रास होतो?"

"मला? गेल्या वर्षी नाकातोंडात गेलं. उलट भूक वाढली."

"पाईप ओढून खांदा, कंबर दुखते?"

केरबाने खांद्यावर थाप मारली. आवाज शेडपर्यंत गेला. "हे रुळाचं लोखंड हाय."

ट्रॅक्टरवाला पप्पू त्याच्यावर ताण करायला पुढे सरसावला. "ताई, मी तर एका हातानं चालवतो. दुसऱ्या हातात मोबाईल." सुभेदारांनी डोळे मिटून घेतले. एकेक गडी येत होता आणि आपलं काम किती किरकोळ आहे, हे छाती फुगवून सांगून जात होता. उन्हात औषध मारत नाहीत, त्यामुळे अकरा ते चार आम्ही झाडाखाली पडून असतो, हेही कुणीतरी अभिमानाने सांगितलं. नूरीनने तास मोजले. आठला येणाऱ्या गड्याचे हातात पाईप असलेले तास साडेपाच भरले. साडेनऊच्या बाईचे सात.

मग ती वेलाखाली गेली. मनुबाई काम थांबवायला तयार नव्हती. "इचार की. तोंड मोकळं हाय."

"मावशी, हे शिकायला किती दिवस लागतात?"

"सांगून कळंल का तुला? धर." मनुबाईने कमरेची जादाची कात्री तिच्या हातात दिली आणि एक घड दाखवला. "ह्यातलं निम्मं मणी काढ. उरलेल्यांना धक्का नको."

दहा मिनिटांनी नूरीनने मान खाली आणली ती चोळतच. घडाच्या वरचा एक अख्खा फाटा उडाला होता आणि तीन मण्यांना टोक लागलं होतं.

"हा गेला," मनुबाई म्हणाली. "असं दिवसाला दोनशे घड. आन् दोन हंगाम झाल्याशिवाय मी कुणाला एकटीला ओळ देत न्हाई. लिही."

नूरीनने लिहिलं. मग सुलाबाईने आपली मान सांगितली, दुसरीने डोळे सांगितले, तिसरीने हात वर करून करून झोपेत आपोआप वर जाणारा हात सांगितला. बारा जणींचं ऐकता ऐकता कागद पुरेना.

"पण पोरी," मनुबाईने विचारलं, "हे सारख्या मजुरीचं काढलं कुणी? ह्या परदेशवाल्यानं?"

"नाही मावशी, जुनं आहे. जिनिव्हाला सगळ्या देशांनी मिळून ठराव केला, एकोणीसशे एक्कावन्न साली. अठ्ठावन्नला आपल्या देशानं मान्य केला."

मनुबाईची कात्री पहिल्यांदाच थांबली. "म्हंजी माझ्या जन्माच्या आधी?"

"हो."

"मग इतकी वर्षं हुता कुठं?"

"कराडात एसटी चुकली आसंल त्याची," सुलाबाई म्हणाली.

हसण्याने वेल हलले. नूरीनही हसली आणि तिने आइसलंड नावाच्या देशाची हकीकत सांगितली. तिथल्या बायकांनी पंच्याहत्तर साली एक दिवस घरात आणि कामावर, दोन्हीकडे हात लावायचा नाही असं ठरवलं. दहातल्या नऊ जणी बाहेर पडल्या. बापांना पोरं घेऊन कामावर जावं लागलं. सगळा देश ठप्प.

"आन् जेवणाचं?"

"बाप्यांनी केलं."

"जेवलं का कोण ते?" मनुबाईने विचारलं. याची नोंद नूरीनकडे नव्हती.

दुपारी सुभेदारांच्या पडवीत तिने बेरीज वाचून दाखवली. विरळणी दोनशे सत्तर. फवारणी एकशे साठ. "खरं तर धोक्याचे गुण मी स्वतः पाहून वाढवून दिलेत. काकांच्या तोंडी जबाबावर गेले असते तर शंभरसुद्धा झाले नसते."

सुभेदारांनी रकान्यांची बेरीज स्वतः करून पाहिली. मग त्यांना फौजी तोड सुचली. "सारखीच करायची हाय न्हवं? मग गड्यांची तीनशे करतो."

"कमी करता येत नाही, सर. कुणाचीच. वरच करावी लागते. आणि या गुणांवरून म्हणायचं तर बायकांची जास्त..."

"सारखी करतो," सुभेदार घाईने म्हणाले. "पण गड्यांच्या कानावर घालायला पायजे. हंगामाच्या तोंडावर रुसून बसलं तर मी काय करू? उद्या सांगतो."

बातमी मात्र पप्पूने संध्याकाळीच गावात पोचवली. दुसऱ्या दिवशी नूरीन कागदांवर सही घ्यायला आली, तेव्हा शेडपुढे वेगळाच देखावा होता. पप्पूच्या हाताला फडकं बांधलेलं. एक जण काठी टेकत होता. केरबा कमरेवर हात ठेवून तिरका चालत आला. काल तो कुठल्याच बाजूला वाकलेला नव्हता.

"ताई, ते कालचं खोडा," तो म्हणाला. "फवारणी लय अवघड हाय. धा-धा वर्षं लागतात शिकाया."

"काका, काल तुम्ही म्हणालात लहान पोर करेल."

"ते हुशार पोर म्हणालो मी."

मागे बायका येऊन थांबल्या होत्या. सुभेदारांनी मनुबाईकडे पाहिलं. गडी अडले तर आज सही होणार नव्हती, आणि संक्रांत आठ दिवसांवर होती. मनुबाई पुढे आली. नवऱ्याच्या तिरक्या कमरेकडे एकदा बघून म्हणाली, "आबा, ह्यांचं गुण वाढवा की. एवढं दुखतंय तर खोटं कशाला म्हणा. पण मग दवाखान्यात न्या समद्यांना आधी. आजच्या फवारणीला आमी हाय. पाईपच धरायचा आन् मारत सुटायचं. ल्हान पोर बी करंल म्हणत्यात."

पप्पूने हळूच फडकं सोडलं. काठीवाल्याने काठी भिंतीला टेकवली आणि पाईप उचलायला निघून गेला. आपली हजेरी कमी होत नाही, हे नूरीनने दोनदा सांगितल्यावर बाकीचेही पांगले. सुभेदारांनी सही केली. फौजी माणूस, एकदा केली की त्याखाली तारीखही व्यवस्थित.

संक्रांतीच्या आधीचा शनिवार. दिवेलागणीला केरबा दोन पाकिटं घेऊन फळीसमोर उभा राहिला. दोन्ही सारखी जाड. त्याने एक खाली ठेवलं, दुसरं वर ठेवलं, मग उलट करून पाहिलं. शेवटी दोन्ही शेजारी शेजारी लावली आणि चुन्याची डबी ठेवायला हात उंच केला. डबी फळीपर्यंत गेलीच नाही. तोंडातून बारीक आवाज निघाला आणि डबी खाली पडली.

चुलीपुढून मनुबाईने मान वळवली. "काय झालं?"

"काय न्हाई."

"आवं, कमरेचं नाटक झालं की परवा. आता कोण बघतंय?"

"कंबर न्हाई." केरबा भिंतीला टेकून बसला. "खांदा."

"कवापासनं?"

"सहा वर्षं."

भाकरी तव्यावर करपली, तरी तिने उलटली नाही. "आन् मला सांगितलं न्हाई?"

"गड्याची हजेरी घेतो मी," केरबा खाली बघत म्हणाला. "गड्यानं कण्हायचं कसं?"

मनुबाईने तवा उतरवला, वाटीत तेल घेतलं आणि ते निखाऱ्यावर कोमट करून त्याच्या मागे येऊन बसली. "आता मी बी तीच हजेरी घेती. आन् रोज कण्हती. हजेरी काय कापली न्हाई कुणी माझी. त्या पोरीला खरं सांगितलं असतं तर चाळीस गुण जास्त पडलं असतं तुमचं."

"येईल का ती परत?"

"पुढच्या वर्षी. तवर शिका. कण्हा आता."

"असं कसं, उगीच?"

"उगीच नगा. मी चोळती, आपसूक येतंय," म्हणून तिने पंचवीस वर्षं कात्री दाबलेला अंगठा त्या रुळाच्या लोखंडात बरोबर गाठीवर रोवला.

दुसऱ्या दिवशी वेलाखाली सुलाबाईने विचारलं, "काल केरबा भावजी केवढ्यांदा वरडलं गं? तीन घरं ओलांडून ऐकू आलं. मारलंस का काय?"

"न्हाई," मनुबाई घडावरची नजर न काढता म्हणाली. "शिकवणी लावलीया त्यांना."