राक्षस बघायला गेलेला सदाशिव

इब्रामपूरच्या सदाशिवने चाळीस वर्षांत किती देवांच्या हातून मार खाल्ला, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. एरवी काजूच्या बागेत राबणारा, कोणाशी आवाज चढवून न बोलणारा हा माणूस जत्रांच्या दिवसांत दशावताराच्या मंडळीत राक्षस होई. तोंडाला लाल-काळा रंग फासून तो मांडावर, खेळाच्या जागेवर, आला की पुढची पोरे आयांच्या मागे दडत. कुठल्या गावात कोणते पोर किती लांब पळाले, हे घरी येऊन तो बायकोला, चंद्रावतीला, कौतुकाने सांगे. "मोठो पराक्रम केलास," म्हणून ती चहा पुढे ठेवी.

पण एक प्रश्न त्याच्या मनात घर करून होता. पोरांना दिसते तरी काय? लोकांनी काढलेले फोटो, व्हिडिओ त्याने पाहिले होते. त्यांत त्याला तोंड रंगवलेला सदाशिवच दिसे. तेच नाक, तीच ढेरी. असल्या ढेरीला घाबरून कोणी का पळावे ते त्याला काही केल्या उमगेना. एकदोन पोरांना विचारायलाही गेला, तर ती आधीच पसार.

मग गेल्या वर्षी धारगळची तनया त्याच्या दारात आली. वय पंचवीस-सव्वीस, चित्रपटाचे शिक्षण घेतलेली, चार मित्रमैत्रिणी जमवून मुलांसाठी बारा मिनिटांचा चित्रपट करायला निघालेली. एक राक्षस नदीचा आवाज गिळून टाकतो आणि एक मुलगी तो सोडवून आणते, अशी तिची गोष्ट. राक्षस म्हणून तिला सदाशिवच हवा होता.

"काका, सात वर्सांची आसताना तुमका बघलंय आणि तीन रात झोपूक नाय," ती म्हणाली.

सदाशिवचे डोळे लकाकले. न पळणारे पोर इतक्या वर्षांनी हाती लागले होते. "बस गो, बस. काय दिसला तुका? सांग बघू."

तनया म्हणाली, "सांगूक येवचा नाय. माका जसो दिसलेलो, तसोच पडद्यार दाखवतंय."

तेवढ्या एका वाक्यावर सदाशिव तयार झाला.

चोपड्याला नदीकाठी चित्रीकरण सुरू झाले आणि पहिल्याच दिवशी घोडे अडले. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. कथा ठाऊक असते, बोलायचे ते आयत्या वेळी सुचेल तसे. तनयाला मात्र तेच वाक्य कॅमेऱ्याच्या चार जागांवरून चारदा हवे होते. सदाशिव दरवेळी नवीन बोले, आणि आधीपेक्षा लांब. एकदा तर त्याने नदीला तिच्या सात पिढ्यांची नावे विचारली. दुपारपर्यंत सगळे मेटाकुटीला आले.

"काका, कागदावरचा बोला ना," तनयाने विनवले.

"पाठ केलेला बोलणारो राक्षस म्हणजे शाळेतलो पोरगो गो. तेका कोण भियात?"

तनयाने थोडा विचार केला आणि सगळे संवादच काढून टाकले. राक्षस फक्त ओरडेल. कॅमेरा तिने खाली, सात वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला आणि सदाशिवला पाण्यातून वर यायला सांगितले. त्याच्या डरकाळीने पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. ते दृश्य लगेच मॉनिटरवर बघायला तिने बोलावले, तर हा पठ्ठ्या जाईना. मोठ्या पडद्यावर एकदाच बघेन, म्हणाला.

चित्रपट पुरा व्हायला पाच महिने लागले. एवढी वाट ह्यांनी लग्नाचीही बघितली नव्हती, असे चंद्रावती शेजारणीला सांगे. शेवटी एका सकाळी धारगळच्या एका शाळेत मुलांना चित्रपट दाखवण्यासाठी खिडक्यांना काळे कापड लावले गेले आणि सदाशिव इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला. तीन रात्री त्या पोरीची झोप उडवणारा तो कोण, हे आज कळणार होते.

पडद्यावर नदी मुकी झाली. पाणी हलले. आणि राक्षस वर यायच्या आतच मागून एक दबकी किंकाळी आली. चाळीस वर्षांची सवय ती. शेवटची रांग घाबरली का ते बघायला सदाशिवची मान आपोआप मागे वळली. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरल्या एका लहान मुलीने त्याचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि त्याच्या बाहीत तोंड लपवले.

पडद्यावर त्याचाच आवाज गरजत होता. राक्षसाला भ्यालेले प्रत्येक पोर आजवर त्याच्यापासून दूर पळाले होते. जवळ कोणी आले नव्हते. सदाशिवला गलबलून आले. वळून पडद्याकडे बघायचे तर हात सोडवून घ्यावा लागणार होता.

"गेलो तो?" बाहीतून आवाज आला.

"आसा अजून," सदाशिव पडद्याकडे न बघताच म्हणाला. "धरून रव. मी आसंय हय."

दिवे लागले तशी तनया धावत आली. "काका, दिसलो?"

"नाय गो. ह्या पोरीन हात सोडूक नाय."

"मग परत लावू?"

सदाशिवने मुलीकडे बघितले. तिने हात अजून धरलेला होता.

"नको," तो म्हणाला. "परत भियात ती."