ड्राय बाल्कनीतली ट्यूब

माझ्या भावाच्या घरात आता डोळ्यांवर येईल असा उजेड कुठेच नाही. छताच्या कडेने पिवळसर दिवे झिरपत असतात आणि दारासमोर एक हसरा बुद्ध बसलेला असतो.

"घरात आलं की कसं निवांत वाटतं ना?" वहिनी म्हणाली.

वाटतं खरं. या उजेडात भिंतीचे पोपडे दिसत नाहीत आणि माणसांचे चेहरेही अर्धेच दिसतात. कुणाचा चेहरा का उतरलाय, हे विचारायची वेळच येत नाही.

बुद्धाच्या जागी पूर्वी आईची खुर्ची होती. ती दारासमोर असली की घरात येणारी ऊर्जा अडते, असं फेंगशुईवाल्या बाईंनी सांगितलं. त्याच खुर्चीत बसून आई इतकी वर्षं आमची वाट पाहायची. तेव्हा काही अडलं नव्हतं.

आई सापडली ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारी स्टुलावर, मांडीवर पेपर घेऊन. जुनी पांढरी ट्यूब तेवढी तिथे उरली आहे.

"तिकडे अक्षर दिसत नाही गं," ती म्हणाली. "आणि ते दिवे आपोआप लागतात. हात कधी जोडायचे तेच कळत नाही."

बाहेर अंधारून आलं होतं. तिने उठून बटण दाबलं. ट्यूब फडफडत लागली आणि आईने नेहमीसारखे दिव्याला हात जोडले.

"ते दार ओढून घ्या," हॉलमधून दादाचा आवाज आला. "पांढरा उजेड इकडे येतोय."

आईने जोडलेले हात सोडले आणि दार लावून घेतलं.