यादीतलं पहिलं काम

वत्सलाताई भालेराव गेल्या, त्याला आता पाच आठवडे झाले. बातमी आली तेव्हा मी कळंबला सलूनमध्ये खुर्चीत बसलो होतो आणि अर्ध्या गालाला साबण तसाच होता. फोन त्यांच्या सुनेचा, सविताचा. "दत्ताभाऊ, आई सकाळी चहा पिता पिता गेल्या," एवढंच ती बोलली. न्हाव्यानं विचारलं, कोण गेलं? मी म्हणालो, आमच्या आमदारबाई. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. विधान परिषदेतली माणसं लोकांच्या फारशी लक्षात राहत नाहीत. मग मी म्हणालो, डिंभ्याला नर्स होत्या त्या. त्यानं वस्तरा खाली ठेवला. "शिष्टर? आमच्या आईचं बाळंतपण त्यांनीच केलं व्हतं. म्हंजे माझंच की." त्यानं माझी दाढी पुरी केली, दुकानाचं शटर ओढलं आणि माझ्याच गाडीवर मागे बसून ताईंच्या गावी, शिनोलीला आला. अंगणात उभं राहायला जागा नव्हती. त्रिशरण-पंचशील झालं तेव्हा डोंगराकडच्या बायका, ज्यांना ते शब्द येत नव्हते, त्याही हात जोडून ओठ हलवत होत्या.

ताईंचे वडील दीक्षा घेतलेल्या पहिल्या पिढीतले. मुलीनं शिकायचं, हा त्या घरातला नियमच होता. ताई शिकल्या, आरोग्यसेविका झाल्या आणि डिंभे धरणाच्या मागच्या वाड्यांमध्ये त्यांनी सगळी नोकरी काढली. लसीचा डबा खांद्याला लावून मासेमारांच्या होडीतून त्या पलीकडे जायच्या. निवृत्तीनंतर एकदा पंचायत समितीवर निवडून आल्या आणि पुढे पक्षाला विधान परिषदेसाठी ग्रामीण भागातली एक महिला हवी होती, तेव्हा त्यांचं नाव वर गेलं. शोभेला पाठवतायत, असं तालुक्यात सगळेच म्हणत होते. ताईंनाही ते ठाऊक होतं. मी तेव्हा घोडेगावात टायपिंगचं छोटं दुकान चालवत होतो. त्या आल्या, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "दत्ताभाऊ, तुमचं शुद्धलेखन चांगलं हाय आणि तुमी कमी बोलता. माझ्याकडं या." मी गेलो आणि सहा वर्षं त्यांचा स्वीय सहायक म्हणून राहिलो.

पहिल्या पावसाळी अधिवेशनाच्या आधीचा मे महिना मला दिवसादिवसानं आठवतो. तारांकित प्रश्न महिनाभर आधी द्यावे लागतात, त्यामुळे घोडेगावातल्या आमच्या एका खोलीच्या कार्यालयात निवेदनांचा ढीग लागला होता. जुन्नरकडून बिबट्यांचं, मंचरकडून कांद्याचं, कुणाची स्वागतकमान, कुणाचं सभागृह, कुणाच्या बदल्या. ताईंनी सगळं वाचलं, अक्षरन् अक्षर. वाचताना त्यांचं बोट ओळीखालून सरकत असे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ढिगाचे दोन भाग करायला लावले. "जे आपण नाही मांडलं तरी कुणी ना कुणी मांडील, ते इकडं. आपण नाही मांडलं तर कुणीच मांडणार नाही, ते तिकडं." पहिला ढीग छातीएवढा झाला. दुसऱ्यात चारच कागद. आणि त्या चारांतला सर्वांत वरचा कागद कुणी दिलेलाच नव्हता. तो ताईंनी स्वतःच्या हातानं लिहिला होता. धरणापलीकडच्या एका वाडीला जायला-यायला शासनाची बोट होती, ती बंद पडली होती, ती सुरू करावी. वाडीत घरं तीसेक.

मला राग आला, हे आज कबूल करतो. माझं गाव कळंब, पुणे-नाशिक रस्त्यावरचं. शाळेला जाणारी पोरं तो रस्ता ओलांडतात आणि तिथे काय काय होतं ते मी पाहिलेलं होतं. भुयारी मार्गाचं निवेदन मी स्वतः टाईप केलं होतं, गावातल्या लोकांना शब्द दिला होता. ते मोठ्या ढिगात गेलं. मी म्हणालो, "ताई, माणसं मरतात तिथं." त्या म्हणाल्या, "म्हणून तर कुणीतरी बोलंल. हायवेवरून मंत्रीपण जातात, दत्ताभाऊ. पाण्यापलीकडं कोण जातं?" मी पुढचे दोन दिवस कामापुरतं बोललो. त्यांनीही समजूत काढली नाही. समजूत काढणं हा त्यांचा स्वभावच नव्हता. इंजेक्शन देताना त्या रडणाऱ्याला कधी गोंजारत नसत, म्हणे. फक्त सुई चटकन टोचत.

पक्षाच्या तालुकाध्यक्षांना यादी कळली तेव्हा तेही आले. चांगला माणूस, पण हिशेबी. "बाई, पहिलंच अधिवेशन हाय. पहिला प्रश्न जरा दणकेबाज पाहिजे. त्या वाडीत मतं किती?" ताई चहा गाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अध्यक्ष, मी मतं मोजून लशी टोचल्या न्हाईत." अध्यक्षांनी चहा घेतला आणि ते गेले. यादी तशीच राहिली.

प्रश्न लिहिण्याआधी स्वतः पाहून येऊ, असं म्हणून त्या मला पलीकडे घेऊन गेल्या. धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं. गाळाला तडे पडले होते आणि होडीपर्यंत पोचायलाच आम्हाला बराच वेळ लागला. ताई साठी ओलांडलेल्या, पण पदर खोचून माझ्यापुढे चालत होत्या. पलीकडच्या काठावर शासनाची ती बोट पालथी पडली होती. तिच्याखाली कुणीतरी कोंबड्यांची सोय केली होती. ताई खाली वाकल्या आणि आत पाहून म्हणाल्या, "अंडीसुदिक हायती." वाडीत हौसाबाई नावाच्या म्हातारीनं त्यांना ओळखलं, जवळ येऊन हात धरला. "शिष्टर, तुमी आमदार झाल्या म्हणं. मग आता आमाला सुई कोण टोचणार?" सगळ्या बायका हसल्या. ताईंना मात्र हसू आलं नाही.

परतताना होडीत त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी आधी कुणाला सांगितली नव्हती. नोकरीतल्या एका पावसाळ्यात पाणी फुगलं होतं आणि कुठलीच होडी निघेना. पलीकडे एक बाई अडली होती. "तिचा नवरा त्या काठावरनं धोतराचं फडकं हलवत व्हता. मला दिसत व्हतं. मी हिकडं डबा घेऊन बसलेली. दोन दिवस, दत्ताभाऊ." मी विचारलं, मग? "बाई वाचली. मूल न्हाई." मी म्हणालो, हे सभागृहात सांगा, सगळे ऐकतील. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर वळवली. "ती बाई अजून हाय. भाजी घेऊन बाजाराला येती. तिचं दुःख मी मुंबईला कशाला नेऊ? बोटीबद्दल विचारायचंय, बोटीबद्दलच विचारीन." कळंबच्या निवेदनावरून मनात जे साठलं होतं, ते त्या होडीतच निवळलं.

अधिवेशन सुरू झालं. प्रश्नाचं छापील उत्तर आदल्या दिवशी हाती आलं. बोट बंद असल्याचं 'हे खरे नाही'. मग ती कधी सुरू करणार, यावर 'प्रश्न उद्भवत नाही'. संबंधित खात्याच्या मते बोट पाण्यात होती आणि रोज फेऱ्या मारत होती. मी संतापलो. ताईंनी तो कागद दोनदा वाचला आणि नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत बसलो होतो. ताईंना बोलायला उभं राहायची सवय नव्हती, पहिल्या वाक्याला त्या अडखळल्या. "सभापती महोदय, मी या बोटीजवळ जाऊन आले. बोट चालू आहे, असं उत्तरात म्हटलंय. बोट पालथी आहे. तिच्याखाली कोंबड्या अंडी घालतात." सभागृह हसलं. सत्ताधारी, विरोधक, सगळेच. मला वाटलं, संपलं, ही गंमत म्हणून उद्या छापून येईल. पण ताई खाली बसल्या नाहीत. हसू ओसरेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग त्यांच्या तोंडून घरची भाषा आली. "हसा, माझी हरकत न्हाई. पण पावसाळ्यात वाडीतली बाई अडली, तर तिला पाण्यातून कसं न्यायचं, तेवढं मंत्रिमहोदयांनी सांगावं. मी नर्स हाय. मला खरंच जाणून घ्यायचंय." एवढंच. त्या बसल्या. मंत्री म्हणाले, माहिती तपासून घेतो. सभापतींनी प्रश्न राखून ठेवला.

त्याच आठवड्यात कळंबच्या रस्त्याचा विषय दुसऱ्या एका सदस्यानं मांडला, आणि तो मला काय, ताईंनाही जमला नसता इतका जोरात मांडला. ताई बाहेर भेटल्या तेव्हा मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. शेवटी त्या म्हणाल्या, "जेवलात का?" आम्ही आमदार निवासाच्या उपाहारगृहात जेवलो.

बोट लगेच आली, असं सांगायला मला आवडलं असतं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या यादीत ताईंनी तोच विषय पुन्हा पहिला ठेवला. अर्थसंकल्पी अधिवेशनात पुन्हा. आमच्यातलेच लोक त्यांना बोटवाल्या बाई म्हणू लागले. शिनोलीकर नाराज झाले, कारण गावचा रस्ता यादीत सहाव्या जागेवर होता. सख्खा भाऊ दिवाळीला आला नाही. ताई हट्टी होत्या आणि हट्टाची किंमत काही वेळा इतरांनीही मोजली, हे लपवण्यात अर्थ नाही. शिनोलीचा रस्ता त्यांच्या कारकिर्दीत झाला नाही तो नाहीच. पण दुसऱ्या पावसाळ्याआधी धरणावर नवी लाँच आली, कायमचा चालक आला, आणि आजारी माणसाला आडवं ठेवता येईल असा बाकही त्यात बसवलेला होता. तो बाक त्यांनी खात्याच्या अभियंत्याला कागदावर चित्र काढून सांगितला होता. उद्घाटनाला तालुकाध्यक्ष हार घेऊन आले, आणि भाषणात त्यांनी बोट ही पक्षाची पहिल्यापासूनची मागणी असल्याचं सांगितलं. ताईंनी जोरात टाळ्या वाजवल्या. मी चिडून पाहिलं, तर म्हणाल्या, "बोलू द्या राव. आता ती बंद पडली तर ते ओरडतील. मला एकटीला ओरडाय नको."

त्या लाँचमधून पहिल्या वर्षी किती जणांना आणलं, हे मला माहीत नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही. मी मात्र एकदा डिंभ्याला उभा असताना एक पोटुशी बाई त्या बाकावर पाय पसरून आरामात येताना पाहिली. ती भुईमुगाच्या शेंगा खात होती. तिला कसलीच घाई नव्हती. हे दृश्य माझ्या बायकोला मी इतक्या वेळा सांगितलंय, की आता तिला ते स्वतः पाहिल्यासारखं वाटतं.

ताईंची मुदत संपली. पक्षानं त्यांना पुन्हा पाठवलं नाही, त्यांनी मागितलंही नाही. मी टायपिंगच्या दुकानात परतलो. आमचं भेटणं कमी होत गेलं, तसं ते होतंच.

मागच्या आठवड्यात सवितानं बोलावलं म्हणून शिनोलीला गेलो. ताईंच्या खोलीत पलंग, एक लोखंडी कपाट आणि खिडकीशी टेबल. टेबलाच्या खणात मुलांच्या वह्यांचे कोरे कागद काढून शिवलेली एक वही होती. सविता म्हणाली, "दर अधिवेशनाच्या आधी त्या हे लिहायच्या. मग ज्या कुणाला सांगायचं त्याला फोन करायच्या. कुणी उचलायचे, कुणी न्हाई." मी पानं उलटली. सदस्यत्व संपल्यानंतरचं एकही अधिवेशन सुटलेलं नव्हतं. प्रत्येक पानावर चार-पाच कामं, पुढे आकडे, काहींवर बरोबरची खूण. शेवटच्या पानावर येत्या अधिवेशनाची यादी. अक्षर थोडं हललेलं, पण वाचता येत होतं. पहिलं काम असं: 'डिंभ्याहून वर जाणारी दुपारची एसटी शाळा सुटायच्या आधी सुटते. मुली चालत जातात. अर्धा तास उशिरा सोडा.'

मी वही दुकानात आणली. कागद लावला, वर तारीख घातली, खाली 'वत्सलाताई भालेराव, माजी सदस्य, विधान परिषद, यांच्या वहीतून' असं टाईप केलं आणि त्याखाली सहीची जागा सोडायची बोटांना सवय होती, तिथे थांबलो... मग स्वतःचं नाव घातलं. दोन प्रती काढल्या. एक जुन्नरकडच्या, एक आमच्या आंबेगाव तालुक्याच्या लोकप्रतिनिधींना देऊन आलो. शुद्धलेखन तेवढं सुधारलं. क्रमाला हात लावला नाही.