वीस मिनिटं पुढचं घड्याळ

आसनगावजवळच्या आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे असतं. वडील नोकरीला जायचे तेव्हा लोकल चुकू नये म्हणून त्यांनी ते तसं लावलं. वडील गेले, घड्याळ तसंच राहिलं. घड्याळ बघायचं आणि मनातल्या मनात वीस मिनिटं वजा करायची, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही.

त्या मार्चमध्ये आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कल्याणच्या दवाखान्यात तारीख मिळाली होती. तीन महिने वाट बघून. नेमकं आदल्याच दिवशी माझं काम उलटलं. मी घरी बसून अमेरिकेतल्या एका क्लिनिकचं सॉफ्टवेअर सांभाळते. पेशंटला तासभर आधी आठवणीचा मेसेज जायचा, तो ऐन अपॉइंटमेंटच्या वेळी जायला लागला. चूक माझीच. हिवाळ्यात त्यांच्या-आमच्या वेळेत साडेदहा तासांचा फरक होता, तो मी कोडमध्ये आकडा म्हणून ठोकून दिला होता. घरात वीस मिनिटं वजा करत वाढलेली मी, मला वाटलं, फरक एकदा ठरला की ठरला. पण मार्च आला आणि त्या लोकांनी दरवर्षीसारखी उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे ढकलली!

इतका संताप आला. युरोपवाले तेच दोन-तीन आठवडे उशिरा करतात, अमेरिकेतलंच एखादं राज्य अजिबात करत नाही, आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं परत मागे घेतात तेव्हा रात्रीचा दीड एकाच रात्री दोनदा वाजतो. अरे, सूर्य काय तुमच्या घड्याळाकडे बघून उगवतो? वरून साहेबांनी फोनवर विचारलं, "एवढं साधं कसं लक्षात आलं नाही?"

आकडा काढून टाकून सगळ्या वेळा कधीच न बदलणाऱ्या जागतिक वेळेत साठवायच्या होत्या. तपासायला सोपं म्हणून लॅपटॉपही मी जागतिक वेळेवर लावला. मान वर केली तर समोर ते वीस मिनिटं पुढचं घड्याळ. डोकंच फिरलं. स्टुलावर चढले आणि मोबाइल बघून काटे बरोबर लावले. निदान या घरात तरी खरी वेळ असू दे! आई अंगणात कुरडया वाळत घालत होती. तिला सांगायचं राहून गेलं.

सकाळी मी पुन्हा कोडमध्ये डोकं घालून बसले; लॅपटॉपवर इथली वेळ दिसतच नव्हती. निघायची हाक नेहमी आईच मारते. तिने हाक मारली, रिक्षा मिळाली, स्टेशनवर पोचलो, तर लोकल जाऊन पंधरा मिनिटं झालेली. पुढच्या गाडीने कल्याणला गेलो तेव्हा तिचा नंबर दुसऱ्याला देऊन झाला होता. नवीन तारीख मिळाली दीड महिन्यानंतरची.

मी घड्याळाचं सांगितलं तेव्हा आई दवाखान्यातल्या बाकावर बसली.

"मला सांगायचं तरी गो. मी आपली वीस मिनटं धरून बसले व्हते."

ओरडली असती तर बरं झालं असतं. घड्याळं पुढे ढकलली म्हणून मी दोन दिवस ज्या लोकांना शिव्या घालत होते, त्यांनी निदान तारीख तरी आधी जाहीर केलेली असते.

घरी येऊन मी काटे पुन्हा वीस मिनिटं पुढे केले, या वेळी आईला सांगून. तरी त्या दीड महिन्यात ती भिंतीजवळ जायची, डोळे बारीक करून घड्याळ बघायची आणि मला विचारायची,

"आज वजा करू, का नको?"