रहीमच्या अब्बांची बाराखडी

मंडळी, आज सास्तूरच्या शाळेत मला घाम फुटला होता. आत्ता कुठं जीव भांड्यात पडलाय.

नववीच्या पोरांपुढं देशोदेशीच्या क्रांत्यांवर बोलायचं होतं. मी सातवी शिकलेला माणूस, आठवडाभर वाचून गेलो. फ्रान्सनं राजाचं मुंडकं उडवलं, अमेरिकेनं इंग्रजांचा चहा समुद्रात ओतला, आपण मीठ उचललं, सगळं सांगितलं.

मग एक मुलगी उठली. "आजोबा, राज्य बदलल्यावर जुन्या सरकारच्या नोकरांचं काय झालं? आपल्याकडं?"

समोर माझ्यासोबत आलेला बालमित्र रहीम बसलेला. त्याचे अब्बा निजामाच्या काळात आमच्या गावात उर्दूचे मास्तर. राज्य गेलं तेव्हा त्यांचं घर लई भेदरलं होतं. मी काही बोललो आणि त्याला लागलं तर?

तेवढ्यात रहीमच काठी टेकत उठला. "पोरी, शाळा मराठी झाली. अब्बांना मराठीची परीक्षा द्यायची होती, न्हाय तर नोकरी जाणार. आमच्या घरात मराठीचं एक अक्षर कुणाला येत नव्हतं. तवा हा माझा दोस्त, तिसरीतला गडी, रोज संध्याकाळी पाटी घेऊन यायचा. अब्बांना बाराखडी ह्यानं शिकवली."

"मग पास झाले का?"

"व्हय तर! आणि पुढच्या साली अब्बांनी ह्यालाच मराठीत नापास केलं!"

सगळा वर्ग हसला. सगळ्यात जास्त मी.

पुस्तकातली क्रांती राजा गेला की संपते. तुमच्या गावात त्यानंतर कोण कुणाशेजारी पाटी घेऊन बसलं होतं? घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, आणि मलाही सांगा.