इब्रामपूरचा पाच वाजताचा पाव

कोल्हापूरहून गाडी अकरा मिनिटं उशिरा सुटली. एसटीत चौतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढल्यामुळे मला असं मोजल्याशिवाय करमत नाही. बायको याला रोग म्हणते. आंबोलीचा घाट उतरताना शेजारचे गृहस्थ दरीचे फोटो काढत होते आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. माझी मुलगी वृंदा आणि चार वर्षांची नात ओवी, या दोघींना काही महिन्यांसाठी कोल्हापूरला घेऊन यायचं, एवढ्याच कामासाठी मी गोव्याला, तिच्या सासरी निघालो होतो.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी ओवीला ऑटिझम असल्याचं सांगितलं. तेव्हापासून वृंदाचा फोनवरचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. रात्री की दुपारी, डोळ्याला डोळा लागत नाही, असं ती आईला सांगायची. 'डिचोलीची एक संस्था मदत करतेय,' असं ती सांगायची. संस्था म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे फोटो, हार आणि भाषण उभं राहतं. पोरगी तिकडे खचत चालली आहे आणि तिला कोणी तरी पत्रकं वाटतंय, असं मी धरून चाललो होतो.

म्हापशाला उतरलो तर नेमका शुक्रवार, म्हणजे बाजाराचा दिवस. मिरच्या, सुके बांगडे, मातीची भांडी यांतून वाट काढत मी ओवीसाठी लाल रंगाची खेळण्यातली बस घेतली आणि या खरेदीत इब्रामपूरची खरी बस चुकवली. आयुष्यभर दुसऱ्यांना वेळेचं महत्त्व सांगितलेला माणूस दीड तास स्टँडवर बसून राहिला. हे मी घरी सांगितलेलं नाही.

इब्रामपूर म्हणजे माडा-पोफळींत लपलेलं शेतकऱ्यांचं गाव, हद्दीपलीकडे लगेच महाराष्ट्र. जावई दामोदर खाणीवर ट्रक चालवतो, तो संध्याकाळीच घरी येतो. दारात विहीणबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. ओवीने माझ्याकडे पाहिलंही नाही. बस मात्र घेतली, उलटी केली आणि एक चाक फिरवत बसली. "अशी चालवायची गं," म्हणून मी ती सरळ करून दिली, तर तिने ती परत उलटी केली.

पाच वाजून सहा मिनिटांनी ती किंचाळू लागली. अंगणातल्या गडग्याला (दगडी कुंपणाला) धरून, घसा फाटेस्तोवर, तासभर. विहीणबाईंनी मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. वृंदा तिला कवेत धरायला गेली आणि ओरखडे घेऊन परत आली.

"रोज असंच, बाबा," ती म्हणाली.

मी ठरवलेली वाक्यं तिथेच म्हणून टाकली. वृंदा म्हणाली, "सोमवारी माझ्याबरोबर डिचोलीला चला. मग बोलू."

संस्था म्हणजे बाजारातल्या एका दुकानावरच्या दोन खोल्या. हार नाही, भाषणही नाही. मी उलटतपासणीच सुरू केली आणि तिथल्या ताईंनी काही लपवलं नाही. बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाई आठवड्यातून दोनच दिवस येतात, त्यांच्याकडे ओवीचा नंबर लागायला आणखी दोन-तीन महिने जातील. "तोपर्यंत?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं. तोपर्यंत दर बुधवारी यांच्याकडून एक सोबतीण घरी येते, म्हणजे जिचं स्वतःचं मूल असंच आहे अशी आई. वृंदाकडे ती दोनदा येऊन गेली होती.

"काय शिकवलं तिने?" मी विचारलं.

"काही नाही. बसली, चहा प्यायली, माझ्याबरोबर भांडी पुसली," वृंदा म्हणाली.

फुकटचा चहा, असं मी मनात म्हटलं. ताई म्हणाल्या की पहिल्या दोन फेऱ्यांत शिकवायचंच नाही, असा त्यांचा नियमच आहे. मग त्यांनी एक वही दिली. ओवी केव्हा रडते, त्याआधी काय झालं, सगळं वेळेसकट लिहायचं. वृंदाचा चेहरा उतरला, पण माझा उजळला. जगात मला एकच काम धड येतं आणि ते हेच.

सोमवार, मंगळवार मी वही भरली. जेवण, अंघोळ, कुत्रा भुंकला, शेजारचा पंप लागला. किंचाळणं मात्र दोन्ही दिवशी पाच ते पाच-दहाच्या आत. आमची एकही गाडी इतकी वक्तशीर नव्हती.

बुधवारी ती सोबतीण, शेवंती, आली. हरमलला तिच्या घरी पर्यटकांना भाड्याने देण्याच्या चार खोल्या आहेत आणि सोळा वर्षांची मुलगी आहे. स्कूटरवरून एवढं लांब आलेली बाई, पण आल्या आल्या वृंदाबरोबर तांदूळ निवडायला बसली. चहा झाल्यावर तिने वही वाचली आणि विहीणबाईंना विचारलं, "काकी, आदीं पांच वाजतां हांगा कितें जातालें?" (पूर्वी पाच वाजता इथे काय व्हायचं?)

"कितेंच ना," विहीणबाई म्हणाल्या. मग आठवून बोलल्या, "पदेर येतालो. ताका हांवें सांगलां, हांगा पोंय पोंय करूं नाका. चेडूं कानार हात धरतालें न्हय?" (पोर कानांवर हात ठेवायची ना?)

पदेर म्हणजे सायकलवरून पाव विकणारा. त्याच्या भोंग्याची पोंय पोंय ऐकली की गोव्यातलं घर पावासाठी दारात येतं. डॉक्टरकडून आल्यावर नातीला आवाजाचा त्रास नको म्हणून विहीणबाईंनी भोंगा बंद करवला होता. तो बिचारा आता खालच्या वळणावरूनच परत जायचा, आणि पाव शेजारीण आणून द्यायची.

"कान धरतालें. आनी धांवतालें खंय?" (कान धरायची, आणि धावायची कुठे?) शेवंतीने विचारलं.

विहीणबाईंनी गडग्याकडे पाहिलं. मग पदराने तोंड झाकून रडू लागल्या.

शेवंती त्यांच्या जवळ सरकली. "काकी, हांवें म्हज्या चेडवाक दोन म्हयने दर्यार व्हरूंक ना. ल्हारांक भियेता म्हणून. आनी ताका दर्योच जाय आशिल्लो." (लाटांना भिते म्हणून मी माझ्या मुलीला दोन महिने समुद्रावर नेलं नाही, आणि तिला समुद्रच हवा होता.)

तिथे बसलेल्यांपैकी दुसऱ्या कोणालाही हे बोलण्याचा हक्क नव्हता. मी काहीही म्हटलं असतं तरी ते दोष दिल्यासारखं वाटलं असतं.

साडेचारला शेवंती वळणावर जाऊन थांबली आणि पदेराला सांगून आली. पाच वाजून चार मिनिटांनी भोंगा वाजला. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. ओवीने कानांवर हात घट्ट दाबले आणि तशीच धावत गडग्यापाशी गेली. पदेराने टोपली उघडून एक उंडो (गोल, कडक पाव) पुढे धरला. तिने कानावरचा एक हात काढून तो घेतला आणि पायरीवर बसून त्याचं कवच सोलून खायला लागली. किंचाळणं नाही. मी घड्याळ बघायचंही विसरलो. मला हुंदका आला, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

यात जादू काही नाही. दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी तिने घर डोक्यावर घेतलंच. बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाईंकडचा नंबरही अजून लांब आहे आणि दोन खोल्यांच्या संस्थेकडून सगळं होणार नाही. पण ते पाचचं संकट टळलं होतं. रात्री जेवताना दामोदर कितीतरी दिवसांनी खाणीवरची गंमत सांगत होता. मी कोल्हापूरचा विषय पुन्हा काढला तेव्हा वृंदा म्हणाली, "बाबा, तिकडे तुम्ही सगळे माझी काळजी कराल. शेवंतीताईला माझी काळजी वाटत नाही, तिला ठाऊक असतं."

शुक्रवारी दुपारी मी एकटाच निघालो. गाडी वेळेवर सुटली आणि आंबोलीला धुक्यातही वेळेवर पोचली.

घरी बायकोने दार उघडलं आणि माझ्या मागे पाहिलं. "आणलं नाहीत त्यांना? वृंदा काय म्हणाली निघताना?"

"काही नाही म्हणाली," मी सांगितलं. "दुपारी ओवीजवळ आडवी झाली होती, तिथेच तिचा डोळा लागला. विहीणबाई म्हणाल्या उठवते. मीच नको म्हटलं."

बायको तशीच दारात उभी राहिली. "दुपारची झोपली?" तिने विचारलं.

"घोरत होती," मी म्हणालो.