टाकीतला शिरका

हिल्डाने बरणीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि तिचे जबडे आवळले. शिरका तयार होता. ताडी आणून, गाळून, महिनोन्‌महिने उन्हात ठेवून तिने तो मुरवला होता. दोन बरण्या. नाताळच्या विंदालूला आणि लेकीच्या घरी द्यायला. तो आता नवऱ्याच्या मोटारसायकलच्या टाकीत जाणार होता.

"सगळा?" तिने विचारलं.

"अर्ध्याने काय होतंय? वरचा गंज तसाच राहील," निकोलस म्हणाला.

तो ओट्यावर स्टूल टाकून बसला होता. समोर गोणपाटावर, गाडीवरून उतरवलेली टाकी. गेल्या वर्षी निकोलसची बायपास झाली, तेव्हापासून गाडी पडवीत प्लास्टिकखाली उभी होती. तळाशी राहिलेलं पेट्रोल उडून गेलं, खाऱ्या हवेने आपलं काम केलं. मेकॅनिकने टॉर्च मारून आत पाहिलं होतं आणि म्हणाला होता, "काका, भंगारात द्या. या गाडीची दुसरी टाकी आता मिळायची नाही." त्या दिवशी हिल्डाने मेकॅनिकला चहाबरोबर केकचे दोन तुकडे दिले होते.

पण मग निकोलसने मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला. त्यात एक माणूस गंजलेल्या टाकीत बाटलीतलं पांढरं व्हिनेगर ओतत होता. "आपल्या घरात त्याच्यापेक्षा जहाल आहे," निकोलस म्हणाला. गाडी त्याला हवी होती ती त्यांच्या केळीच्या वाडीत जायला. वाडी मोठ्या रस्त्यापलीकडे, आणि त्या रस्त्यावरून पाण्याचे टँकर कसे धावतात ते सगळ्या गावाला ठाऊक. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाडी चालवायला हरकत नाही, पण वजन उचलायचं नाही, किक मारायची नाही. त्यातलं पहिलंच वाक्य निकोलस घरी येऊन घोकत होता.

हिल्डाचं वर्ष कान देण्यात गेलं होतं. तो आंघोळीला गेला की ती मोरीच्या दाराशी काहीतरी आवरत उभी राहायची. तांब्याचा आवाज थांबला की, "अहो, साबण आहे का?" म्हणायची. दाराआड ऐकता तरी येत होतं. रस्त्यावर गेलेल्या माणसाचं काय ऐकणार?

तरी तिने शिरका ओतला. त्याने आधी आत मूठभर लोखंडी नट टाकले होते, गंज खरवडायला. दोघांनी मिळून टाकी गोणपाटावरच इकडून तिकडे कलंडवली, तिचा भार हिल्डाने घेतला.

"उद्या दुपारपर्यंत काढायचा," ती म्हणाली. शिरक्याचं तिला कळत होतं. तिच्या आईने एकदा लोखंडी कढईत विंदालू रात्रभर ठेवलं होतं, ती कढई पुढे तळातून गळायला लागली. "त्याच्यापुढे राहिला तर पत्रा खाईल."

"तू आहेस ना. मला कुठे उचलता येतेय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चची घंटा संथ वाजू लागली आणि पाठोपाठ मोबाइलवर गावाच्या ग्रुपचा निरोप आला. आळीच्या टोकाची जुलियाना मावशी गेली. नव्वदीची होती, चार दिवस पाणीच घेत होती. हिल्डा पांढरी साडी नेसली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, चहा-पेजेचं शेजारणींनी बघायचं असतं.

"मी दफनाच्या वेळेला येतो," निकोलस म्हणाला. "तू दुपारी येऊन तेवढी टाकी रिकामी कर आणि परत जा."

"येते," हिल्डा म्हणाली.

मयताच्या घरी ती रोझरीला बसली. मणी बोटांतून सरकत होते, ओठ हलत होते आणि डोक्यात टाकी होती. शिरका आता गंज संपवून पत्र्याला लागला असेल. टाकीच्या खालच्या शिवणीला तो आधी लागेल. एखादं टाचणीएवढं भोक. भोक पडलं की विषय संपला, कुणी कुणाला नाही म्हणायला नको, भांडण नको. आणि तिने काय केलं? काहीच नाही. मयताच्या घरी बसली होती.

दुपार झाली. शेजारची मर्लिन हातातलं पातेलं काढून घेत म्हणाली, "अगं, जा घरी. निकोलसला जेवायला नको?"

"काढून ठेवलंय. घेतील ते."

"मी करते चहा."

"तुझा चहा पिऊन मावशी उठून बसेल. दे इकडे."

मर्लिन हसली, मग तिच्याकडे बघत राहिली. हिल्डाने चहा केला, पेज केली, कप विसळले, विसळलेले पुन्हा विसळले. लेकीचा, स्टेफीचा, नायगावहून फोन आला. "मम्मी, डॅडींनी मला टाकीचा फोटो पाठवलाय. तू त्यांना गाडी विकायला सांग ना. तुझं ऐकतात."

"कधीपासून?" हिल्डा म्हणाली आणि फोन ठेवला.

पाद्री आले. प्रार्थना झाली. शवपेटी उचलायला पुरुष पुढे झाले, वाकले, एकाने "सांभाळून, एकदम" म्हटलं. त्यांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या हिल्डाला दिसल्या. तिने अंगणातल्या पुरुषांवरून नजर फिरवली. पुन्हा फिरवली. निकोलस नव्हता.

जुलियाना मावशीने त्याला लहानपणी मांडीवर खेळवलं होतं. तिच्या दफनाला तो आल्याशिवाय राहणारा नव्हता.

दुपारपर्यंत वाट पाहिली असेल त्याने. मग पत्रा खाल्ला जाईल म्हणून जीव वर-खाली झाला असेल. मग स्वतःच वाकला असेल. भरलेली टाकी, आत नट, आणि छातीचं हाड तारेने जोडलेलं.

सगळे चर्चकडे निघाले आणि हिल्डा उलट्या दिशेने. मयताकडे पाठ करून कुणी जात नाही. मागून कुणीतरी हाक मारली, तिने ऐकलं नाही. चपलेचा पट्टा तुटला तेव्हा तिने दोन्ही चपला हातात घेतल्या. आळी कधी एवढी लांब नव्हती. अंगणाच्या फाटकापाशी ती थांबली आणि कान दिला.

ठिबक. ठिबक.

निकोलस स्टुलावरच होता. टाकी विटांवर थोडी तिरकी टेकवलेली, खालचा पेट्रोलचा कॉक उघडा, आणि त्यातून तांबडा-काळा शिरका पातेल्यात पडत होता. त्याच्या हातात एक तार होती. धार अडकली की तो तार कॉकमध्ये घालून हलवत होता.

"उचलली?" तिच्या तोंडून एवढंच आलं.

"एका बाजूने जरा कलती केली, खाली विटा सारल्या. उचलायची कशाला? तळाला नळ आहे तिला." त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. "चपला हातात का?"

ती पायरीवर बसली. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"दफनाला नाही आलात."

"ही सोडून कसा येऊ? शिरका काढून सोड्याच्या पाण्याने धुवायचं, लगेच सुकवून पेट्रोल फिरवायचं. ओली राहिली की तासाभरात परत लाल. मावशीला मी उद्या भेटेन, ती कुठे जात नाही." तार फिरवत तो पुढे म्हणाला, "दुपारी मर्लिनचा फोन आला होता. म्हणाली, सांगून सांगून दमले, तुझी बायको घरी जायला तयार नाही."

पातेलं भरलं तसं हिल्डाने उठून दुसरं लावलं.

अंधार पडायच्या आत दोघांनी टाकी धुतली, सुकवली, पेट्रोल फिरवून भरलं. कॉक बंद करून ती कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवली. हिल्डाने शिवणीवरून बोट फिरवलं, एकदा, मग परत. बोट हुंगलं. कोरडं. तिला नक्की काय सापडायला हवं होतं ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. सकाळी उठून तिने आधी कागद पाहिला. त्यावर डाग नव्हता.

मेकॅनिक येऊन टाकी बसवून गेला. निकोलस गाडीवर बसला, हँडल धरलं आणि तसाच बसून राहिला. पाय किकवर गेला, थांबला. तो हिल्डाकडे बघत नव्हता.

"पाय काढा," ती म्हणाली.

"मग?"

"काढा म्हणते ना."

तिने साडी वर खोचली. पहिल्या किकने नुसतीच कळ आली तिच्या पोटरीत. दुसरी घसरली. निकोलस म्हणाला, "अंगाचा भार टाक, चटणी वाटतेस का?" पुढच्या खेपेला गाडी खोकली, धूर सोडला आणि चालू झाली.

"वाडीत बंद केल्यावर परत किक कोण मारणार?" तिने विचारलं.

"मारेल कोणी."

"वाडीत फक्त केळी आहेत."

ती आत गेली, गॅस पाहिला, दाराला कुलूप लावलं आणि येऊन मागे बसली. फाटकातून गाडी बाहेर पडली, आळी संपली, आणि मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी निकोलसने वेग कमी केला. उजवीकडून टँकर येत होता. हिल्डाने हात पुढे घालून तळवा त्याच्या छातीवर, शर्टाखालच्या त्या उभ्या व्रणावर ठेवला. इंजिन सगळ्या गाडीला हलवत होतं, तिलाही आणि त्यालाही. त्या थरथरीतून ठोका वेगळा काही हाताला लागेना. तिने हात काढला नाही.

टँकर गेला. निकोलसने गाडी रस्त्यावर घातली.